एक्स्टेन्शन काढलं, आता निवांत झोपा

तर तुम्ही ते ब्राउझरला जोडलेलं मेलवालं एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, काढून टाकलंत. लई भारी. कोपऱ्यातल्या कोड्याच्या तुकड्यावर टिचकी मारली, रिमूव्ह म्हटलं, आयकॉन गेला, आणि आयकॉन गेला म्हणजे कंपनी पण गेली, हे आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतलं शेंबडं पोरगं पण सांगेल. आता गणपतीचं दर्शन घ्या, येताना भडंग आणा, विषय संपला.

काढल्या काढल्या "का बरं सोडून चाललात?" विचारणारं एक पान उघडलं असेल. ते मन लावून भरा. ईमेलचा रकाना पण भरा, त्यांना उगं शोधाशोध नको.

आता ते टाकलं होतं तेव्हाचं काही आठवत बसू नका. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू, आणि समोरचा व्यापारी म्हणतोय मेल आलाच नाही, मग कुणीतरी सांगितलं हे टाक, समोरच्यानं मेल उघडला की आपल्याला हिरवी टिक येते. टाकलं. एक पान आलं, त्यावर साध्या शब्दांत लिहिलं होतं की हे तुमचे सगळे मेल वाचणार, लिहिणार, पाठवणार आणि कायमचे डिलीट पण करू शकणार, खाली निळं बटण, अलाऊ. दाबलं. आपण वरची खोली भाड्यानं देताना अकरा महिन्यांचा करार करतो, पोलीस ठाण्यात माहिती देतो, आधीच्या मालकाला फोन लावून पोरगा पितोय का विचारतो. इथं एवढी चौकशी कशाला, फुकटच तर होतं.

त्या बटणानं गुगल त्या एक्स्टेन्शनवाल्या कंपनीला एक टोकन देतं, म्हणजे किल्लीच म्हणा. पासवर्ड न देता परवानगी द्यायची ही ओऑथ 2.0 पद्धत 2012 पासून आहे. किल्ली बऱ्याचदा तुमच्या ब्राउझरमध्ये नसते, कंपनीच्या सर्व्हरवर असते, त्यामुळं तुमचा लॅपटॉप बंद आणि तुम्ही हरिपूरला संगमावर पाय सोडून बसलेले, तरी तिकडं काम चालू राहू शकतं. सहा महिने वापरलीच नाही तर ती आपोआप मरते, पण हातात असलेली किल्ली कोण सहा महिने खुंटीला टांगून ठेवेल? म्हणून गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये थर्ड पार्टी ॲप्सची यादी असते तिथं चुकूनही जाऊ नका. मी गेलो आणि दीड वर्षाची झोप उडाली. काढून टाकलेलं एक्स्टेन्शन तिथं ऐटीत बसलेलं, शेजारी पीडीएफ जोडणारं काहीतरी, आणि मेव्हण्याची पत्रिका बघायला घेतलेलं एक ॲप. मेव्हण्याचं लग्न होऊन पोरगं बालवाडीत जातंय, ॲपचा परवाना अजून चालूच.

आणि कंपन्या वाईट नसतात हो. अनरोल.मी नावाची सेवा होती, जाहिरातींचे मेल साफ करून द्यायची. 2017 मध्ये कळलं की लोकांच्या मेलमधल्या लिफ्ट नावाच्या टॅक्सी कंपनीच्या पावत्यांची माहिती, नावं काढून, तिच्याच प्रतिस्पर्धी उबरला विकली गेली. तुमच्या खाजगी गोष्टींना हात लावणार नाही असं सांगून पावत्या गोळा केल्या, यावरून 2019 मध्ये ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यांना धरलं. आपल्या मेलमध्ये काय, बँकेचं स्टेटमेंट, आईचे ब्लड रिपोर्ट, जीएसटीचे कागद. किरकोळ.

कुणी शहाणा सांगेल पासवर्ड बदला. त्यानं जीमेलची टोकनं खरंच रद्द होतात, म्हणून बदलूच नका. बदललाच तर सेटिंगमधलं फॉरवर्डिंग आणि फिल्टर मात्र बघू नका, कारण तिथं कुणी दुसरा पत्ता घातला असेल तर पासवर्ड बदलून पण मेल तिकडं जातच राहतात. आणि आधी नेलेला डेटा डिलीट करा असं कंपनीला वेगळं लिहायचं असतं, रद्द केलं म्हणून नेलेलं परत येत नाही. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय की संमती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणं पण सोपं पाहिजे. वाचायला छान वाटतं.

राहिली ती हिरवी टिक. ती यायची हो, रोज यायची, तरी उत्तर काय येत नव्हतं. शेवटी परवा त्या व्यापाऱ्यालाच फोन लावला. म्हणाले, "मेल होय? ते भाचा बघतोय, पासवर्ड त्याच्याकडंच असतोय, पुण्याला असतो तो."