'जुने साहसपट खरे, नवे संगणकाचे' या संदेशाबद्दल

फोंड्यातल्या आमच्या नाट्यप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक संदेश फिरतोय : 'जुन्या साहसपटांत सगळं खरं असायचं, आता सगळं संगणकावर होतं.' दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, म्हणून हा खुलासा.

१९३३चा 'किंग काँग' घ्या. तो अजस्र वानर म्हणजे जेमतेम दीड फुटाची बाहुली. हात केसभर हलवायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायचा. धावत्या गाडीतली दृश्यंही कितीदा स्टुडिओतच व्हायची. गाडी जागच्या जागी आणि मागच्या पडद्यावर पळता रस्ता. नाटकाचा पडदा रंगवणाऱ्या माणसाला ही कारागिरी लगेच कळेल, आणि ती मला मनापासून आवडते. पण तिला 'खरं' म्हणू नये.

आता नवं. २०११च्या 'मिशन इम्पॉसिबल'मध्ये टॉम क्रूझ दुबईच्या बुर्ज खलिफावर खरोखरच लटकला होता. संगणकाने काय केलं? त्याला बांधलेल्या सुरक्षेच्या तारा चित्रातून पुसल्या. २००४च्या 'बॉर्न सुप्रीमसी'चा सुरुवातीचा पाठलाग तर आपल्या गोव्यातच चित्रित झाला.

संदेशात एक गोष्ट मात्र बरोबर आहे : आज कित्येक चित्रपटांत आकाश, शहर, गर्दी संगणकावर रचतात आणि काही ठिकाणी ते डोळ्यांना खुपतं. तक्रार करायची तर त्या दृश्याची करा, सालाची नको. संदेश पुढे पाठवलेल्यांनी हा खुलासाही त्याच ग्रुपांवर टाकावा, ही विनंती.