किती दिवस रडणार म्हणे प्रल्हाद!

आज दुपारी ऑफिसात डबे उघडले अन् पंचायत या हिंदी वेब सिरीजचा विषय निघाला. आमच्यातला एक जण, एरवी कोणाच्याही अडीनडीला धावणारा, भात कालवता कालवता म्हणाला, "तिसऱ्या सीझनपासून बोअर केलं राव. तो प्रल्हाद किती दिवस रडत बसणार? पोरगा गेला ना मागच्या सीझनमध्ये!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला पुढचा घास गिळवेना. तिथे तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं, म्हणून इथे लिहिते आहे. बऱ्याच मालिकांचे शेवट यात येतील. ज्यांना पाहायच्या आहेत त्यांनी पुढे वाचू नका.

मागच्या सीझनमध्ये गेला, म्हणून दुःखही तिथेच संपवून यायचं? नव्या सीझनला बापाने दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर व्हायचं?

दुसरा सीझन मे 2022 मध्ये आला होता. आठ भागांपैकी जवळजवळ सगळे हसण्यात गेले आणि शेवटी प्रल्हादच्या फौजी मुलाचं पार्थिव त्यांच्या गावात, फुलेऱ्यात आलं. बायको आधीच गेलेली. घरात तो एकटा. तिसरा सीझन यायला मे 2024 उजाडला. आपली दोन वर्षं गेली, त्याची कुठे गेली? तो दिसला तेव्हा दारूत बुडालेला, सरकारने दिलेले 50 लाख हातात घेऊन बसलेला, आणि ते खर्च करायला घरात माणूसच नाही. लिहिणाऱ्यांना त्याला दोन भागांत पुन्हा हसवता आलं असतं. मालिका विनोदी आहे, कोणी तक्रार केली नसती. त्यांनी ते केलं नाही, यासाठी मी त्यांना सगळं माफ करते. फैसल मलिकने तर डोळ्यांत पाणी न आणता रडून दाखवलं आहे. प्रधानजीच्या खाटेवर बसलेला असतो, बाकीचे बोलत असतात, अन् हा तिथे नसतोच.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. आमच्या मोठ्या बाबांचं, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाचं, नागपूरच्या जुन्या शुक्रवारीत पतंग-मांजाचं दुकान होतं. त्यांचा मुलगा, माझा दादा, वर्धा रोडवर गाडीच्या अपघातात गेला. संक्रांत तोंडावर होती. तेरवी झाली अन् मोठ्या बाबांनी दुकान उघडलं. सगळ्यांना हायसं वाटलं, सावरले म्हणे. पण गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "दादा कुठे आहे? चक्री त्याच्याच हातून भरून पाहिजे." मोठे बाबा म्हणायचे, "बाहेर गेला आहे." बस, एवढंच. पुढच्या संक्रांतीलाही तेच. त्याच्या पुढच्याही. नात्यातल्या एकाने भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर त्यांना सुनावलं, "अहो, किती दिवस असं बोलणार? लोक काय म्हणतील?"

आज डब्यावर ऐकला तो हाच प्रश्न.

या लोकांना नक्की कसली घाई असते? दुसऱ्याच्या दुःखाने यांचं काय अडतं? मोठे बाबा कोणाला पैसे मागत नव्हते, कोणाच्या दारी जाऊन रडत नव्हते. मांजा विकत होते. एक वाक्य त्यांनी स्वतःजवळ ठेवलं होतं, तेही लोकांना काढून घ्यायचं होतं.

आता कोणी म्हणेल, पंचायतचा चौथा सीझन खरंच लांबला. लौकी (दुधी) आणि प्रेशर कुकर या निवडणूक चिन्हांच्या प्रचारात भागच्या भाग गेले. बरं, लांबला. पण तो निवडणुकीमुळे लांबला. प्रल्हादच्या नावावर ते खपवू नका.

आणि तुम्ही ज्याला फास्ट म्हणता त्या मालिका काय करतात? पहिल्या पाच मिनिटांत एक प्रेत. बहुतेक वेळा बाईचं किंवा मुलीचं. निळसर उजेडात, केस पाण्यात पसरलेले, कॅमेरा वरून गोल फिरतो. मग इन्स्पेक्टरचा घटस्फोट, इन्स्पेक्टरची दारू, इन्स्पेक्टरचा वरचा साहेब. त्या मुलीच्या घरी किती वेळ जातो? आई दारात येते, पदर तोंडाला लावते, कट. माझ्या डोळ्यांसमोर लगेच मोठी आई, दादाची आई, येते, अन् पुढचं काही दिसत नाही. त्या दाराच्या आत वर्षानुवर्षं काय चाललेलं असतं, ते यांना दाखवायचं नाही, कारण तिथे गोष्ट पुढे सरकत नाही.

मानवत मर्डर्स मी मोठ्या आशेने लावली होती. आपली मराठी, परभणी जिल्ह्यातली खरी घटना, 1972 ते 74 मधले खून. आशुतोष गोवारीकर, मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, सगळ्यांनी काम चोख केलं आहे. गोष्ट तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या आठवणींवर बेतलेली आहे, तेव्हा कॅमेरा त्यांच्याच मागे जाणार, हेही मान्य. तरी पाहून झाल्यावर मला त्या गेलेल्या पोरींच्या घरांबद्दल फारसं काही सांगता येईना, याचा मला रागच आला.

असं करता येत नाही असं नाही. अ‍ॅडोलसन्स पाहा. ब्रिटिश मालिका, चार भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये घेतलेला. मुलगा खुनी निघाला, तपास संपला, आणि शेवटचा भाग थेट तेरा महिन्यांनंतरचा. बापाचा पन्नासावा वाढदिवस. कोणीतरी त्याच्या व्हॅनवर घाण लिहून ठेवलेलं, ते पुसायला रंग आणायचा म्हणून सगळं कुटुंब दुकानात जातं. कापाकापी नाही, त्यामुळे तुम्हालाही त्या गाडीत बसून राहावं लागतं. तेरा महिने! तेरवी होऊन वर्ष उलटल्यावर घरात काय उरतं ते दाखवलं त्यांनी. पण तिथेही त्याने मारलेल्या मुलीचं, केटीचं, घर आपल्याला दिसत नाही. दुसऱ्या भागात ती पोलीस बाईच बोलून जाते, की लोकांना मुलगा लक्षात राहील, मुलगी राहणार नाही. बोललं तरी कोणीतरी, हेही पुष्कळ.

नागपूरकरांनी तर नेटफ्लिक्सवरचा 2022 चा तो तीन भागांचा माहितीपट पाहिलाच असेल, उमेश कुलकर्णींनी केलेला, कस्तुरबानगर वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडावरचा. 13 ऑगस्ट 2004, आपलं जिल्हा न्यायालय, तिथेच बायांच्या जमावाने त्याला मारलं. कस्तुरबानगर कुठे आहे हे आपल्याला कोणी सांगायला नको. नाव अजूनही त्याचंच सगळ्यांच्या तोंडी असतं. मला मात्र कॅमेऱ्यासमोर बसून बोलणाऱ्या वस्तीतल्या बायाच आठवतात. इतक्या वर्षांनी सांगतानाही त्यांचा आवाज बदलतो. त्यांना कोणी विचारायचं का, की किती दिवस?

मघाशी फार चिडले होते. आता थोडं शांत होऊन लिहिते. तो ऑफिसातला मुलगा लहान आहे. त्याच्या घरात अजून कोणी असं अवेळी गेलेलं नाही, अन् जाऊही नये, देवाला हात जोडून सांगते. त्याला कंटाळा आला, हा त्याचा गुन्हा नाही. दमून घरी आलेल्या माणसाला करमणूक हवी असते, तेवढं मलाही कळतं. पण "किती दिवस" हे शब्द त्याने सोडावेत. मोठ्या बाबांना त्या शब्दांनी जेवढं दुखवलं तेवढं त्या अपघातानंतर कशानेच दुखवलं नसेल. त्या नातेवाइकाशी ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

मोठी आई टीव्ही फारसा बघत नाही. पंचायतचा तो भाग लागला होता तेव्हा ती आमच्याकडे होती, भाजी निवडत बसली होती. हिंदी तिला अर्धंमुर्धं कळतं. प्रल्हाद रिकाम्या घरात शिरला तसे तिचे हात थांबले. म्हणाली, "याले कोणी जेवाले घातलं का नाही?" मग तिसरा सीझन आला तेव्हा तिने स्वतःहून फोन केला, तो माणूस बरा आहे का ते विचारायला. मी तिला घरी बोलावलं अन् सगळे भाग दाखवले. तिला एकदाही कंटाळा आला नाही.

तिला दाखवता येईल असं मराठीत अजून काही असेल तर कमेंटमध्ये सांगा. प्रेत पाहिजे तर असू द्या, पण त्या घरात थांबणारी मालिका पाहिजे. आणि शिव्या जरा कमी असलेली सांगा, ती पुढच्या आठवड्यात राहायला येते आहे.