"आमच्या काळी डिप्रेशन नव्हतं" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला आणि सगळे अंगठे दाखवत सुटले. मजकूर थोडक्यात असा: डिप्रेशन म्हणजे लाडावलेल्या पोरांची थेरं, मरायच्या गोष्टी करणारा काही करत नसतो, तो विषय पोरांसमोर काढूच नका, नसलेलं डोक्यात भरतं, आणि डॉक्टरकडे नेलं की गोळ्यांची सवय लागते. तिथे काका लोकांशी वाद कोण घालणार, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या काळी नव्हतं म्हणे. होतं हो, तेव्हा "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणून देवऋषाकडे न्यायचे एवढंच. 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी जीव दिला, एनसीआरबीचा, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाचा आकडा आहे, आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला. ही सगळी थेरं?

माझा भाचा कॉलेज रोडला नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या क्लासला जायचा. रडला कधीच नाही, नुसता चिडायचा, आणि या वयात उदासी बरेचदा अशीच दिसते. रविवारी मित्रांबरोबरची मिसळ बंद, रात्रभर जागा आणि दुपारी दोनला उठणार, आंघोळीचाही कंटाळा, असं महिनाभर चाललं तरी ताई म्हणे अभ्यासाचं टेन्शन असेल. (दोन आठवडे असं रोज चाललं तरी दाखवायला न्यावं.) मग एक दिवस जिला कुणाला हात लावू द्यायचा नाही ती बॅट खालच्या मजल्यावरच्या पोराला देऊन आला. ताई खूश, पोरगं शहाणं झालं! जीवापाड जपलेली वस्तू अशी देऊन टाकणं ही धोक्याची खूण असू शकते हे आम्हाला कुठे माहीत.

बोलणारा करत नाही, हे तर साफ खोटं. बरेच जण आधी कुणाजवळ तरी बोललेले असतात. भाचा जेवताना म्हणाला होता, "मी नसलो तर तुमची फी तरी वाचेल", आणि आम्ही हसलो होतो.

विषय काढला की डोक्यात भरतं? सोमेश्वर मंदिराजवळ गाडी लावून मी भाच्याला सरळच विचारलं, मरावंसं वाटतं का रे? माझेच हात थरथरत होते. तो म्हणाला, "दिवाळीपासून." तेव्हा मार्च चालू होता. म्हणजे मी काय भरलं त्याच्या डोक्यात? विचारल्याने धोका वाढत नाही असंच संशोधनही सांगतं. फक्त विचारल्यावर लेक्चर द्यायचं नाही आणि एकटं सोडायचं नाही. घरातली औषधं कुलपात, गावाकडे द्राक्षबाग असेल तर फवारणीचीसुद्धा.

आता गोळ्या. डिप्रेशनच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण गुण यायला काही आठवडे जातात, आणि पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीला जास्त लक्ष ठेवावं लागतं, मनाने बंद तर करायच्याच नाहीत. पोलीस केसची भीती असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 वाचा, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा नाही, उपचार द्या असं म्हणतो कायदा. आणि रात्री दोन वाजता काही सुचेना झालं तर 14416 लावा, टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. जिवावरच बेतलं असेल तर मात्र फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

यंदा नीटची परीक्षा दिली नाही त्याने. बॅट अजून खालीच आहे, परत कशी मागायची म्हणून अडलाय.