गलीनाचा रस्ता आणि पन्हाळ्याची भीती

२०२५ च्या जुलै महिन्यात मराठा साम्राज्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. पेढे वाटून होत नाहीत तोच आपल्याकडचा ठरलेला वाद पुन्हा सुरू झाला. आपल्याला इतिहासाचा अभिमान फार, पण तो जपण्याची रीत नाही. अमेरिकेकडे पाहा, जेमतेम अडीचशे वर्षांचे राष्ट्र, पण एकेक वीट कशी सांभाळून ठेवतात. हे वाक्य वाईतले माझे नातेवाईक फोनवर ऐकवतात आणि शिकागोच्या उपनगरांत जमणारी आमची मराठी मंडळीही तितक्याच खात्रीने उच्चारतात. पुरावा विचारला की हमखास एका गावाचे नाव पुढे येते, ते म्हणजे इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यातले गलीना. भारतातून आलेल्या पाहुण्यांना दाखवायला शिकागोच्या गगनचुंबी इमारतींनंतर आम्हा लोकांना जे ठिकाण सुचते ते हेच, आणि माझ्याही घरच्या पाहुण्यांना मी तिथे अनेकदा घेऊन गेलो आहे. मात्र गलीना जितके पाहावे तितके त्या वाक्यावरचा माझा विश्वास उडत गेला. हे गाव कोणाच्या इतिहासप्रेमामुळे टिकलेले नाही, आणि ज्या गोष्टींमुळे ते आज चांगल्या स्थितीत आहे त्यांची आपल्या वादांत कोणी चौकशीही करत नाही.

शिकागोहून पश्चिमेला निघाले की तास-दोन तास मक्याच्या आणि सोयाबीनच्या सपाट शेतांशिवाय काही दिसत नाही, आणि मग अचानक जमीन वर-खाली होऊ लागते. हिमयुगातल्या हिमनद्या या टापूवरून फिरल्या नाहीत, म्हणून येथल्या टेकड्या आणि दऱ्या शाबूत राहिल्या. इलिनॉयमधला नैसर्गिक उंचीचा सर्वोच्च बिंदू याच जिल्ह्यात असून तो समुद्रसपाटीपासून अवघा १,२३५ फूट आहे. पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलेल्या माणसाने येथे कौतुकाचा चेहरा ठेवण्याचे सौजन्य दाखवावे. टेकडीच्या उतारावर ओळींनी रचलेली विटांची घरे, त्यांच्यातून वर चढणारे लांबच लांब दगडी जिने, खाली वळणदार मुख्य रस्ता आणि त्याच्या पलीकडे गलीना नदी, असे हे गाव आहे. मिसिसिपी तेथून काही मैलांवर वाहते.

गावाला नाव मिळाले ते शिशाच्या खनिजावरून. मेस्क्वाकी, सॉक आणि हो-चंक हे मूळ रहिवासी येथे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आधीपासून शिसे काढत आणि वितळवत, आणि त्यांच्यात हे काम मुख्यत्वे बायका करत. १८२० च्या दशकात केंद्र सरकारने खाणींचे परवाने देण्यास सुरुवात केली आणि माणसांचा लोंढा आला. इलिनॉय हे गुलामगिरीला मनाई असलेले राज्य म्हणवले जात असूनही केंटकीहून आलेल्या खाणमालकांनी गुलाम सोबत आणले होते. १८४० च्या दशकात देशातले बहुतांश शिसे या टापूतून निघत होते आणि सेंट लुईसच्या उत्तरेकडे मिसिसिपीच्या वाहतुकीत गलीनाच्या तोडीचे बंदर क्वचितच होते. या भरभराटीची साक्ष देणाऱ्या इमारती आजही उभ्या आहेत. १८४६ ची मंडई आहे. बंदरावरच्या जकातीसाठी बांधलेली १८५० च्या दशकातली दगडी इमारत आहे आणि तिच्यात टपाल कार्यालय अजून चालू आहे. १८५५ मध्ये उघडलेले डीसोटो हाउस हे हॉटेल आहे, ज्याच्या सज्जातून १८५६ साली अब्राहम लिंकन यांनी भाषण केले होते.

या हॉटेलासमोर पाहुण्यांना थांबवून मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. हॉटेल बांधले तेव्हा ते पाच मजली होते. आज तीनच मजले आहेत. १८८० मध्ये वरचे दोन मजले मालकांनी स्वतःच उतरवले, कारण त्या खोल्यांत राहायला कोणी येत नव्हते. खाणींसाठी आणि भट्ट्यांच्या जळणासाठी टेकड्या उघड्याबोडक्या केल्या गेल्या होत्या, त्यांची माती वाहून नदीत आली आणि जिच्यात आगबोटी वळत असत ती नदी गाळाने भरली. त्यात १८५० च्या दशकात रेल्वे आली, हाताशी लागणारे शिसे संपत आले आणि व्यापार दुसरीकडे गेला. १८६० च्या जनगणनेत आठ हजारांवर असलेली वस्ती आज साडेतीन हजारांच्याही आत आहे. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे या गावात जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा कोणाकडे नव्हता. इतर शहरे विटांच्या जागी काच आणि सिमेंट आणत होती तेव्हा गलीना निव्वळ गरिबीमुळे जसेच्या तसे राहिले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शिकागोकडचे चित्रकार आणि जुन्या वास्तूंचे शौकीन येथली घरे स्वस्तात घेऊ लागले, आणि १९६९ मध्ये गावाचा मोठा भाग ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ऐतिहासिक परिसर म्हणून नोंदला गेला. गावातल्या सुमारे ८५ टक्के इमारती त्या परिसरात येतात. म्हणजे गाव आधी टिकले आणि त्याचे महत्त्व मागाहून ओळखले गेले.

मग आपल्याकडे शिकण्यासारखे येथे काहीच नाही का? आहे, पण ते रुक्ष आणि कागदोपत्री आहे. अमेरिकेच्या त्या राष्ट्रीय नोंदवहीत एखाद्याचे खासगी घर आले, तर केवळ नोंदीमुळे मालकावर कोणतेही बंधन येत नाही. १९६६ च्या कायद्याने बंधन आले ते सरकारी खात्यांवर: केंद्राच्या पैशाने किंवा परवानगीने होणाऱ्या कामाचा अशा वास्तूवर काय परिणाम होईल याचा विचार त्या खात्याला आधी करावा लागतो. मालकावरचे निर्बंध येतात ते नगरपालिकेच्या नियमांतून. गलीनात दर्शनी भागातल्या बदलांना मंजुरी लागते, आणि ती देणारी माणसे त्याच गावातली असतात. शिवाय व्यवसायासाठी वापरात असलेली नोंदणीकृत वास्तू ठरलेल्या निकषांनुसार दुरुस्त केली, तर त्या खर्चाच्या २० टक्के इतकी रक्कम केंद्रीय आयकरातून वजा होते. स्वतः राहत्या घराला ही सवलत नाही, परंतु इलिनॉय राज्याची दुसरी योजना आहे. ऐतिहासिक घराच्या दुरुस्तीवर मालकाने पुरेसा खर्च केला, तर मालमत्ता करासाठीचे घराचे मूल्यांकन आठ वर्षे गोठवले जाते आणि त्यानंतरच्या चार वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवले जाते. म्हणजे दुरुस्त केलेले घर सुंदर दिसू लागले म्हणून लगेच जास्त कर भरण्याची शिक्षा त्याला होत नाही.

याच्या शेजारी पन्हाळा ठेवून पाहावा. जागतिक वारसा यादीतल्या त्या बारा किल्ल्यांमध्ये पन्हाळ्याचे वैशिष्ट्य असे की गडावर नगरपरिषद असलेले नांदते गाव आहे. नामांकनाची प्रक्रिया चालू असताना तेथल्या रहिवाशांनी भीती व्यक्त केली की उद्या आमच्या घरांच्या दुरुस्तीवर, दुकानांवर आणि उपजीविकेवर गदा येईल, तेव्हा दूरच्या शहरांतल्या आणि परदेशातल्या अनेकांनी त्यांना करंटे ठरवले. मला ती भीती करंटेपणाची वाटली नाही. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ते परवानगीनेच करता येते. प्रतिबंधित पट्ट्यात राहत्या घराच्या दुरुस्तीसाठीही अर्ज करून वाट पाहावी लागते. स्मारकाच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला या कायद्याने दिले काय, हे विचारले तर सांगण्यासारखे फारसे हाती लागत नाही. यादी, फलक, पर्यटक आणि अभिमान हे सर्वांचे, आणि गळके छप्पर तेवढे त्याचे एकट्याचे, ही वाटणी गलीनातल्या कोणत्याही घरमालकाने मान्य केली नसती. तो नगरपालिकेच्या सभेत उभा राहून बोलला असता, आणि त्याला कोणी देशाचा शत्रू म्हटले नसते.

वाड्यांची गोष्ट याहून बिकट आहे, कारण बहुतेक वाडे कोणत्याच यादीत नाहीत. वाई, सातारा, नाशिक, पुणे, कुठलेही गाव घ्यावे. वाड्याला सात-आठ वारस, त्यांपैकी तीन मुंबईत, दोन माझ्यासारखे परदेशात, खाली जुन्या दराने भाडे देणारे भाडेकरू, आणि वरच्या मजल्यावरच्या खणांत वाळवी. अशा वाड्याचा एखादा वारस बांधकाम व्यावसायिकाकडे गेला की आपण ‘संस्कृती विकली’ असे म्हणतो. त्यातही परदेशस्थ वारसाचा सूर सर्वांत वरचा असतो, कारण पावसाळ्यात पत्रे टाकण्याचे काम त्याच्याकडे नसते. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंसाठी नियमावली आहे आणि तिच्यात मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे आपल्या जागेवर न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकण्याची मुभा, देण्याची सोयही आहे. परंतु तो हक्क जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे तिथेच खपतो. वाईच्या गणपती आळीत तो कोण घेणार? तिथे कर गोठवण्यासारखी साधी, नगरपालिकेच्या आवाक्यातली आणि राज्याने भरपाई करून देण्याजोगी सवलत अधिक उपयोगाची ठरेल असे मला वाटते.

गलीनाचे सगळेच घ्यावे असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. मुख्य रस्त्यावरून चालताना पाटी वाचत जावे: जुन्या वस्तूंची दुकाने, मिठाई, वाइन, मेणबत्त्या, चित्रदालने, आणि पुन्हा मिठाई. गावकऱ्याला किराणा आणायचा तर तो गावाबाहेर, महामार्गाच्या काठी. ज्या इमारतींत एकेकाळी खिळे, दोर आणि पीठ विकले जाई त्या आता फक्त बाहेरच्यांसाठी उघडतात. नदीशी तर गावाचे नातेच उरलेले नाही. वारंवारच्या पुरांमुळे विसाव्या शतकाच्या मध्याला सैन्याच्या अभियंता दलाने बांध घातला आणि मुख्य रस्त्याच्या तोंडाशी पोलादी पूरदरवाजे बसवले. ते गरजेचे होते, त्यांनी दुकाने वाचवली, आणि तेही आता प्रेक्षणीय स्थळ झाले आहे. पण ज्या नदीने गाव घडवले ती भिंतीपलीकडचा एक अरुंद ओढा होऊन राहिली आहे. वाईच्या घाटांवर धुणी, दशक्रिया, पोहणारी पोरे, कृष्णाबाईचा उत्सव आणि चित्रीकरणासाठी आलेल्या गाड्या हे सगळे एकाच वेळी चालते. ते अस्वच्छ आहे, त्याची तक्रार रास्त आहे, आणि १७६२ सालच्या ढोल्या गणपतीच्या पायरीपर्यंत कृष्णेचे पाणी चढते तेव्हा कोणाच्या मदतीला पूरदरवाजे नसतात. तरीही घाट वापरात आहे म्हणून तो घाट आहे. सुशोभीकरणाच्या आराखड्यांत सर्वप्रथम या वापरणाऱ्यांनाच हटवले जाते, याची मला गलीना पाहिल्यापासून अधिक धास्ती वाटते.

स्मारकातून काय सांगितले जाते, हाही आपल्याकडचा एक पेटता विषय, आणि तिथेही अमेरिकेला फार उंचावर बसवण्याचे कारण नाही. गलीनाची सगळी प्रसिद्धी अमेरिकेच्या यादवी युद्धातले सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट यांच्याभोवती फिरते. १८६० मध्ये ते येथे आले ते वडिलांच्या चामड्याच्या मालाच्या दुकानात, धाकट्या भावांच्या हाताखाली नोकरी करायला. यादवी युद्ध जिंकून १८६५ मध्ये परतले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना सजवलेले घर भेट दिले. ते घर आज राज्याच्या मालकीचे आहे, आतले बरेचसे सामान ग्रँट कुटुंबाचेच आहे आणि माहिती देणारी माणसे आपुलकीने बोलतात. राष्ट्राध्यक्षपद संपल्यावरच्या जगप्रवासात ग्रँट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईलाही उतरले होते, हे सांगितले की आमचे पाहुणे त्या घरात जरा अधिक मोकळेपणाने फिरतात. पण गावातल्या जकात-इमारतीच्या बांधकामावर देखरेख करणारा अभियंता एली पार्कर हा सेनेका या मूळ रहिवासी जमातीचा होता, नागरिकत्व नाही म्हणून त्याला वकिलीची सनद नाकारली गेली होती, गलीनातच त्याची ग्रँटशी मैत्री झाली आणि १८६५ मध्ये दक्षिणेकडचे सेनापती ली यांच्या शरणागतीच्या अटींची अंतिम प्रत त्याच्याच अक्षरात लिहिली गेली, ही हकीकत बहुतेक पर्यटकांच्या कानी पडत नाही. शिसे काढणाऱ्या मेस्क्वाकी बायका आणि खाणींत राबलेले गुलाम तर मिठाईच्या दुकानांच्या रांगेत सापडतच नाहीत. पर्यटनाला एक नायक पुरतो. आपल्या गडांवरही महाराजांच्या नावापुढे गड बांधणारे पाथरवट, गडकरी आणि रामोशी यांची आठवण कोणाला होते?

पन्हाळ्याचा आणि राज्यातल्या इतर दहा किल्ल्यांचा व्यवस्थापन आराखडा अंमलात येईल तेव्हा चर्चा बहुधा प्रकाशयोजना, रज्जुमार्ग आणि पुतळ्याच्या उंचीवर होईल. मला त्यात तीन साध्या गोष्टी पाहायच्या आहेत. गडावरच्या आणि गडाच्या पायथ्याच्या रहिवाशाचा दुरुस्तीचा अर्ज किती दिवसांत निकाली निघेल, पारंपरिक पद्धतीने दुरुस्ती केल्यास त्याचा वाढीव खर्च कोण सोसेल, आणि मंजुरी देणाऱ्या समितीत गावातली किती माणसे असतील. बारा किल्ल्यांच्या यशाबद्दल येथल्या मंडळाच्या कार्यक्रमात टाळ्या वाजवताना मीही सामील होतो, पण पन्हाळ्याच्या दुकानदाराला आपण जे प्रश्न विचारू देत नाही, ते गलीनाचा दुकानदार दर महिन्याच्या सभेत विचारतो आणि मग घरी जाऊन जेवतो.