गूळ आणि मधुमेह

साखरेऐवजी गूळ खाल्ला की मधुमेहाची काळजी मिटते, हा गैरसमज आहाराविषयीच्या गैरसमजांवरील तुमच्या लेखात स्पष्टपणे खोडून काढला आहे, त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या घरात याच समजुतीने बरेच नुकसान केले. मधुमेहाचे निदान झाल्यावर आईने साखरेचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला आणि दिवसातून चार वेळा गुळाचा चहा, शिवाय जेवणानंतर सुपारीएवढा गुळाचा खडा, असा क्रम सुरू केला. तीन महिन्यांनी रक्तातील साखर वाढलेली निघाली, तेव्हा तिला ते खरेच वाटेना. गुळातही मुख्यत्वे सुक्रोजच असते आणि एका ग्रॅममागे जवळपास साखरेइतक्याच, म्हणजे सुमारे ४ कॅलरी मिळतात. त्यात थोडे लोह व इतर खनिजे असली, तरी ती भरून काढण्यासाठी गूळ खाणे मधुमेहींना परवडणारे नाही. मधानेही रक्तातील साखर वाढतेच.

उपासाच्या साबुदाण्याचा उल्लेखही लेखात हवा होता, कारण ‘हलका’ म्हणून खाल्ला जाणारा हा पदार्थ जवळजवळ निव्वळ पिष्टमय असून त्यात प्रथिने नगण्य असतात, आणि खिचडीत तूप, बटाटा व दाण्याचे कूट पडल्यावर तो हलका मुळीच राहत नाही.

व्यायामात घाम जितका जास्त तितकी चरबी कमी, हेही खरे नाही. घामाने घटलेले वजन पाण्याचे असते, आणि ते दोन-तीन ग्लास पाण्याने भरून येते. आई आता जेवणानंतर वीस मिनिटे गच्चीवर चालते आणि बिनसाखरेचा चहा घेते.