गोणीतलं मांजर आणि माध्यमाचं भांडण

पहिलीपासून हिंदी आणणारा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ला निघाला आणि २९ जूनला सरकारने तो, सुधारित आवृत्तीसकट, मागे घेतला. मधले अडीच महिने तिसऱ्या भाषेवरून रान उठलं होतं. त्या गदारोळात एक जुनी समजूत मात्र तशीच राहून गेली: पोराला इंग्रजी माध्यमात घातलं की इंग्रजी आपोआप येतं. इथे मॉस्कोत ही समजूत तपासायला एक सोपं साधन हाताशी आहे, ते म्हणजे रशियन भाषकांना शिकवले जाणारे इंग्रजी वाक्प्रचार. इथे परकी भाषा दुसरीपासून, एक विषय म्हणून येते. गणित-विज्ञान सगळं रशियनमध्ये.

'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' घ्या. अर्थ, गुपित फोडणं. रशियनमध्ये 'कुपीत् कता व मिश्के' असं म्हणतात, म्हणजे गोणीतलं मांजर विकत घेणं, न बघता माल घेऊन फसणं. मांजर आहे, पिशवीही आहे, मग विद्यार्थी बेधडक लिहितो की जुनी गाडी घेताना शेजाऱ्याने मांजर पिशवीबाहेर काढलं. त्याला खरं तर 'बाय अ पिग इन अ पोक' हवं असतं; पोक म्हणजे पोतं, हा शब्द प्रमाण इंग्रजीत आता जवळजवळ या वाक्प्रचारापुरताच उरलाय. गुपित फुटण्याच्या जवळची रशियन म्हण वेगळीच आहे: 'शीला व मिश्के ने उताईश', गोणीत आरी लपत नाही, टोक बाहेर येतंच. आपलं 'कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही' याच घरातलं. वर उच्चाराचा घोळ. रशियनमध्ये शब्दाच्या शेवटी 'ग'चा 'क' होतो, त्यामुळे 'बॅग'चं 'बॅक' होऊन मांजर पाठीतून बाहेर पडतं. 'ब्लॅक शीप'मधला दीर्घ ईकारही तोंडात टिकत नाही आणि मेंढीचं जहाज होतं. शिवाय ही काळी मेंढी म्हणजे घराण्याला बट्टा लावणारा माणूस. रशियन 'बेलाया वरोना', पांढरा कावळा, हा नुसता चारचौघांत वेगळा. त्यात बदनामी नाही.

सर्वांत जास्त फसवतात ते सारख्या चित्राचे वाक्प्रचार. 'ल्योद त्रोनुल्स्या', म्हणजे नदीवरचा बर्फ हलला, हे अडलेलं काम एकदाचं सुरू झाल्यावर म्हणतात. इंग्रजीत बर्फ फोडतात तो अनोळखी माणसांमधला अवघडलेपणा घालवायला. 'वदीत् झा नोस' म्हणजे नाकाला धरून फिरवणं, रशियनमध्ये फसवणूक. इंग्रजीत नाकाने ओढून नेलेला माणूस फसलेलाच असतो असं नाही, तो दुसऱ्याच्या पूर्ण कह्यात असतो. मराठी माणसाने हसू नये. पाय ओढणं म्हणजे आपल्याकडे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. इंग्रजीत मात्र पाय ओढणारा फक्त थट्टा करत असतो.

'द'चा प्रश्न तर दोघांचाही, कारण ना रशियनला उपपद आहे, ना मराठीला. 'किक द बकेट' म्हणजे मरणं. 'द'च्या जागी 'अ' घातलं की माणूस जिवंत राहतो आणि बादलीला लाथ बसते.

म्हणून वहीला चार रकाने लागतात. पहिल्यात उपपदासकट पूर्ण वाक्प्रचार, दुसऱ्यात त्याचं शब्दशः चित्र, तिसऱ्यात घरच्या भाषेतला जोडीदार, चौथ्यात कोण कुणाला कधी म्हणतो याचं एक वाक्य. एका तासाला पाचच घ्यावेत, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तिसरा रकाना उघडा ठेवून बाकीचे झाकून पाहावेत. चौथा रकाना सगळे टाळतात, आणि मग भुरभुर पावसालाही 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणतात. इंग्लंडात धो धो पावसालाही साधं 'इट्स पोअरिंग' म्हटलेलं जास्त कानावर पडतं.

पण खरा भार तिसऱ्या रकान्यावर. रशियन पोराच्या तोंडात आरी आधीच असते, म्हणून त्याला मांजराची चूक दाखवता येते. ज्या मुलाला कोंबडंही माहीत नाही आणि मांजरही नाही, त्याच्यापाशी तुलनेला काहीच नसतं. त्याला नुसती यादी पाठ करायला द्यावी लागते. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात तेच होतं.

रशियन पद्धत आदर्श आहे असं मात्र नाही. 'लंडन इज द कॅपिटल ऑफ ग्रेट ब्रिटन' हे वाक्य म्हणजे इथला शालेय इंग्रजीवरचा राष्ट्रीय विनोद. वर्षानुवर्षं शिकून एवढंच लक्षात राहिलं, असं लोक स्वतःच सांगतात. आणि इथला मुलगा इंग्रजी कच्चं ठेवूनही रशियनमधून डॉक्टर होतो. साताऱ्याच्या किंवा लातूरच्या पालकाला ती सोय नाही, त्यामुळे त्याने इंग्रजी शाळा निवडली तर तो केवळ मिरवण्याचा सोस म्हणता येणार नाही. त्याच शाळेत तिसरा रकाना मराठीचा ठेवायला कुठल्या शासन निर्णयाची गरज आहे, हे मात्र इथून कळत नाही.