बर्टीचा नंबर आधी होता

जेवण मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट गेल्या मंगळवारची, लंडनची. तेव्हापासून सॉसेज हा शब्द ऐकला तरी माझं टाळकं फिरतं.

आम्ही दोघं लेकाकडे आलोय. "स्टेशनवर सँडविच घ्या आणि मग फिरा," असं बजावून तो ऑफिसला गेला. पण सात समुद्र ओलांडून येऊन त्रिकोणी खोक्यातलं गारढोण सँडविच खायचं? मी ठरवलं, जेवायचं तर इतिहासात जेवायचं.

इतिहासाला इथं तोटा नाही. नदीपलीकडे सदर्कला ‘द जॉर्ज’ हा पब, 1676 च्या आगीनंतर पुन्हा बांधलेला. फ्लीट स्ट्रीटला ‘ये ओल्ड चेशर चीज’ हा दुसरा, 1666 च्या आगीनंतर 1667 मध्ये उभा केलेला. एकदा जळाल्याशिवाय इथं कशाला जुनं म्हणत नाहीत बहुतेक. "महाराज आग्र्याहून निसटले आणि महिन्याभराच्या आत इकडे लंडन पेटलं!" मी दारात उभा राहून बायकोला सांगत होतो.

"महाराज सुटले हो," ती म्हणाली. "आपण इथून कधी सुटणार?"

तिचा मुद्दा असा की पाटीवर चक्क ‘ये’ लिहिलंय, बोलावतायत तर जाऊ या. आता मला गप्प बसवेना. म्हटलं, अगं, तो ‘ये’ नव्हेच, तो ‘द’ आहे. जुन्या इंग्रजीत त्या उच्चाराला वेगळं अक्षर होतं. छापखान्यांकडे त्याचा खिळा नव्हता, म्हणून त्यांनी वाय ठोकला.

"म्हणजे बोलावत कोणीच नाहीये," ती म्हणाली. तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं.

याच पबात एक पोपट होता. 1926 साली तो मेला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्यावर मृत्युलेख छापले. मंगळवारी त्याच भागात आणखी एक पोपट झाला, त्याची दखल कुणी घेतली नाही, म्हणून हा लेख.

तर, तिथं गर्दी, इथं दर जास्त (पाउंडाला शंभराच्या वर गुणावं लागतं, घास उतरत नाही), असं करत दोन वाजून गेले. शेवटी एका बोळात एक पब सापडला. नाव सांगत नाही. तुळया इतक्या खाली की आत शिरतानाच कपाळमोक्ष. दाराशी पाण्याची वाटी. फळ्यावर खडूनं: सॉसेज आणि मॅश (कुस्करलेला बटाटा), मशरूम पाय (म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ). बायको शाकाहारी, म्हणजे दोघांचीही सोय.

तिथं टेबलावर कुणी विचारायला येत नाही, काउंटरवर जाऊन सांगायचं. रांग नसते. सगळे अस्ताव्यस्त उभे असतात, पण कुणानंतर कोण हे प्रत्येकाला पाठ असतं. हे आम्हाला कसं कळणार? आम्ही सांगलीच्या एसटी स्टँडवर वाढलेली माणसं. खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली. शेकोटीजवळ एक खुर्ची रिकामी दिसली, मी टाकला रुमाल.

शेजारचे आजोबा अदबीनं म्हणाले, "सॉरी, ती बर्टीची खुर्ची आहे."

"कुठं आहेत ते?"

"बाहेर गेलाय. येईलच."

आम्ही उभे राहिलो. मला वाटलं, असेल कुणी दोस्त, गेला असेल सिगारेट ओढायला. पाच मिनिटांनी बर्टी आला. आखूड पाय, एक कान उभा, एक पडलेला, पोट चिखलानं भरलेलं. आला तो थेट खुर्चीवर चढला, माझ्या रुमालावर एक गिरकी घेतली आणि बसला.

"अकरा वर्षं येतोय," आजोबा म्हणाले.

"आम्ही सात हजार किलोमीटरवरून आलोय."

"वा!" आजोबांना खरंच कौतुक वाटलं. "बर्टी समोरच्याच गल्लीतला. पण रोज येतो."

यावर काय बोलणार? मी काउंटरकडे वळलो. घड्याळात दोन अठ्ठावीस. पोरीनं विचारलं, "पुढचं कोण?" मी हात वर केला. मागून आवाज आला, "सॉरी, मला वाटतं आधी बर्टी."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं, बर्टीकडे पाहिलं. "हो, बर्टीच. सॉरी."

बर्टीला एक सॉसेज, कापून, बिनमिठाचा रस्सा वेगळा. गरम आहे का, जास्त गरम नाही ना, मागच्या वेळी जीभ भाजली होती, ही चर्चा सवडीनं झाली. मग ती माझ्याकडे वळली, गोड हसली आणि म्हणाली, "किचन अडीचला बंद होतं." ओलं फडकं घेऊन फळा पुसायला लागली. सॉसेज गेलं, पाय गेला, ‘मॅश’ थोडा वेळ एकटाच राहिला, मग तोही गेला.

कुणी हाकललं असतं तर भांडलो असतो. सांगलीत भांडता तरी येतं. इथं जो तो सॉरी म्हणत होता, आणि सॉरी म्हणणाऱ्या माणसाची गचांडी कशी धरायची? ज्या गावात कुत्र्याची जीभ भाजू नये म्हणून अख्खं काउंटर थांबतं, तिथं साठीच्या बाईला कुणी स्टूल देत नाही. हे मी विनोदानं सांगत नाहीये. ती वीस मिनिटं उभी होती.

मिळाली ती बटाट्याच्या वेफर्सची दोन पाकिटं. ती आम्ही बोळात उभ्यानं खाल्ली. गांधीजी 1888 साली शिकायला आले तेव्हा शाकाहारी जेवणासाठी मैलोन्‌मैल हिंडले आणि त्यांना खानावळ सापडली ती जवळच्याच फॅरिंग्डन स्ट्रीटवर, हे मी सांगायला तोंड उघडलं. बायको म्हणाली, "आता एक साल जरी बोललात तर मी स्टेशनवर जातेय."

तेवढ्यात आजोबा बाहेर आले, हातात माझा रुमाल, व्यवस्थित चौघडी घातलेला. "सॉरी," म्हणाले. रुमाल दोनदा धुतलाय. केस अजून निघतायत.